चौरस फुटाला एक किलो: साठवणीच्या गव्हाचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

पुण्याच्या उपनगरातली जुनी सोसायटी, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. घरात पाच माणसं: नवरा-बायको, सासूबाई, नववीतली मुलगी आणि पाचवीतला मुलगा. महिन्याची आवक ४६,००० रुपये, तीही एकट्या नवऱ्याच्या पगाराची. सासूबाई गावाकडून इथे राहायला आल्या तेव्हा स्वतःचं म्हणून फारसं काही आणलं नाही. तेलाचे सात रिकामे चौकोनी डबे, एक सूप आणि दोन चाळण्या मात्र आठवणीने आणल्या.

तोवर या घरात पाच-पाच किलोंच्या पिशव्यांमधलं तयार पीठ यायचं. डाळ आणि तांदूळ मोबाइलवरून मागवले जायचे, तेही संपत आले की अर्धा किलो, एक किलो असे. सुनेने जानेवारी-फेब्रुवारीच्या पावत्या एकत्र करून पाहिल्या. गव्हाचं पीठ सरासरी १६ किलो (४६ रुपये किलो), तांदूळ ८ किलो (७२ रुपये), तूरडाळ ३ किलो (१८० रुपये) आणि ज्वारीचं पीठ ४ किलो (६५ रुपये). या चार जिनसांचे मिळून महिन्याला २,११२ रुपये होत होते. शिवाय महिन्याकाठी चौदा वेळा ऑर्डर दिलेली होती.

अडचण

खर्च जास्त आहे हे दिसत होतं, पण तो कशामुळे वाढतो हे दिसत नव्हतं. सासूबाईंचं उत्तर सरळ होतं: वर्षाचं धान्य भरा. त्यांच्या हयातीत घरात कधी महिन्याचा गहू आलाच नव्हता. उन्हाळ्यात पोती यायची, ती वाळवून कोठीत भरली की पुढच्या हंगामापर्यंत चिंता नसे.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात सुनेला भिशी लागली. २०,००० रुपये एकदम हातात आले आणि मनातला विचार कामाला लागला. ही वेळ नीट लक्षात घ्यायला हवी. किती धान्य लागेल, ते कुठे वाळवायचं, कुठे ठेवायचं यातला एकही हिशेब तेव्हा झालेला नव्हता. पैसे आले म्हणून प्रमाण ठरलं.

समोरचे पर्याय

घरात चार पर्यायांवर बोलणं झालं.

पहिला पर्याय, चाललंय तसंच चालू द्यायचं. तो लगेच बाजूला पडला.

दुसरा, चारही जिनसा वर्षभराच्या भरायच्या. सासूबाई आणि नवरा दोघांचा कल इकडे होता.

तिसरा, डाळ-तांदूळ वर्षाचे आणि गहू चार-सहा महिन्यांचा. हे सुनेने सुचवलं होतं. "एवढा गहू वाळवायचा कुठे?" असं तिने विचारलंही. "गच्ची आहे की," एवढ्यावर ते संपलं.

चौथा पर्याय साठवायचं काहीच नाही, फक्त दुकान बदलायचं असा. जवळच्या भुसार दुकानातून दर महिन्याला १५-२० किलो गहू घ्यायचा आणि गिरणीतून दळून आणायचा. यावर सगळ्यात कमी बोलणं झालं, जेमतेम दोन मिनिटं. पुढचा हिशेब पाहिला तर खरं वजन याच पर्यायात होतं. त्या दुकानात लोकवन गहू एप्रिलमध्ये ३५ रुपये होता आणि जानेवारीत ४० पर्यंत गेला. वर्षाची सरासरी ३८ धरली, तर २०० किलो एकदम घेऊन ठेवण्याचा फायदा किलोला ३ रुपये, म्हणजे सगळा मिळून ६०० रुपये. एवढ्यासाठी २०० किलो गहू वाळवायचा, भरायचा आणि बारा महिने राखायचा. हा आकडा त्या दिवशी कागदावर आला असता तर निर्णय कदाचित वेगळा झाला असता.

ठरला तो दुसरा पर्याय. मार्केट यार्डाच्या भुसार बाजारातून खरेदी झाली:

लोकवन गहू २०० किलो, ३५ रुपयांनी ७,०००
मालदांडी ज्वारी ५० किलो, ४२ रुपयांनी २,१००
इंद्रायणी तांदूळ ९० किलो, ५८ रुपयांनी ५,२२०
तूरडाळ ३० किलो, १५० रुपयांनी ४,५००

धान्याचे १८,८२० रुपये झाले. टेम्पोच्या दोन खेपांचे ६०० आणि ५० किलोच्या तीन नव्या पत्र्याच्या कोठ्यांचे २,७०० धरून एकूण २२,१२०. भिशी संपलीच, वर २,१२० रुपये घरखर्चातून गेले.

काय केलं

डाळ, ज्वारी आणि तांदूळ मार्चमध्ये आले. गच्ची सगळ्या सोसायटीची. आठवड्यातले पाच दिवस तिथे इतरांचे पापड-कुरडया असत. या घराच्या वाट्याला शनिवार-रविवार आणि टाकीशेजारची ६ बाय ८ फुटांची जागा आली. एका शनिवार-रविवारी डाळ वाळली, पुढच्या आठवड्यात ज्वारी. डाळीला किलोमागे चहाचा एक चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर एरंडेल चोळलं. तेल परातीत थोडंथोडं घेऊन दोन्ही तळहातांनी चोळायचं असतं. वरून धार सोडली तर काही डाळ चिकट होते आणि बाकीची कोरडीच राहते. शिजवण्याआधी अशी डाळ कोमट पाण्याने दोनदा धुवावी लागते.

तांदूळ उन्हात घातला नाही, आणि ते बरोबरच केलं. कडक उन्हात तांदळाला तडे जातात आणि शिजताना त्याची कणी होते. तो पंख्याखाली सावलीत एक दिवस पसरला, एरंडेलाचा हलका हात फिरवला आणि सोड्याच्या गरम पाण्याने धुऊन वाळवलेल्या त्या सात तेलाच्या डब्यांमध्ये काठोकाठ भरला. तेलाच्या १५ किलोच्या डब्यात तांदूळ १३ किलोंच्या आसपास मावतो, म्हणून ९० किलोंना सात डबे पुरले. एका वेळी एकच डबा उघडायचा, तो संपेपर्यंत बाकीच्यांना हात लावायचा नाही. वर्षभरात या तांदळाला काहीही झालं नाही. मोठ्या अर्धवट भरलेल्या भांड्यापेक्षा लहान गच्च भरलेली भांडी चांगली, हे या घरात आपोआप घडलं होतं. त्याकडे लक्ष मात्र उशिरा गेलं.

गहू एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला, चार पोती एकदम. पहिल्या शनिवार-रविवारी एक पोतं गच्चीवर पसरलं. गहू कसा वाळवायचा हे सासूबाईंना पक्कं ठाऊक होतं. थर बोटाच्या पेरापेक्षा जाड नको, साधारण दीड सेंटिमीटर. दर तासाला पायाने किंवा हाताने रेघा ओढत खालीवर करायचा. सकाळी दहाला घालायचा आणि ऊन उतरायच्या आत, चारच्या सुमारास गोळा करायचा. दोन दिवसांनी दाणा दाताखाली धरून पाहिला तर कट्ट आवाज करून तुटला. नुसता दबला तर आत ओल आहे असं समजायचं.

दाताची सवय नसलेल्यांना मिठाचा प्रयोग सोपा जातो. कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर गहू आणि दोन चमचे भाजून कोरडं केलेलं मीठ घालून दोन-तीन मिनिटं हलवायचं आणि थोडा वेळ ठेवून द्यायचं. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात साठवण्याजोगा कोरडेपणा नाही. ही ढोबळ चाचणी आहे, जास्तीची ओल तेवढी पकडते; पण चुकीचं पोतं कोठीत जाण्यापासून वाचवते.

संध्याकाळी आणलेला गरम गहू लगेच भरला नाही. रात्रभर घरात सुती कापडाखाली पसरून थंड केला आणि सकाळी कोठीत ओतला. गरम धान्य बंद केलं की आतली वाफ झाकणाला लागून पुन्हा दाण्यांवर उतरते. ५० किलोंना दीडशे मिलिलिटर एरंडेल, त्याहून जास्त नाही, कारण तेलकट गहू दगडाच्या गिरणीत पीठ धरतो आणि गिरणीवाला परत पाठवतो. कोठी काठोकाठ भरून झाकणाच्या कडेने रुंद चिकटपट्टी लावली. ही पहिली कोठी. पुढच्या आठवड्यात दुसरी कोठी अगदी तशीच भरली.

तिसऱ्या आठवड्यात रविवारी दुपारी वळीव आला. गव्हाला एकच दिवस ऊन मिळालं होतं. तो तसाच तिसऱ्या कोठीत गेला. चौथ्या आठवड्यात घरातलं लग्न. त्यानंतर आभाळ येऊ लागलं आणि चौथं पोतं वाळलंच नाही. कोठीही तीनच होत्या. ते पोतं न्हाणीघराच्या भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवलं आणि किडीला अटकाव म्हणून सासूबाईंनी त्यात कडुलिंबाचा हिरवा पाला दोन-तीन थरांत घातला.

कुठे बिघडलं

पहिलं बिघडलं ते धान्यात नाही, पैशात. जूनमध्ये मुलांची फी आणि वह्या-पुस्तकं मिळून १४,००० रुपये लागले. एरवी हा खर्च भिशीतून भागायचा. ती आता कोठीत होती. खर्च क्रेडिट कार्डावर गेला, पहिल्या बिलाला २,००० भरले आणि उरलेले १२,००० पुढच्या तीन महिन्यांत फेडले. महिना साडेतीन टक्के व्याज आणि त्यावरचा जीएसटी मिळून ९९१ रुपये गेले. धान्याच्या हिशेबात हे व्याज कुणी धरत नाही, पण ते धान्याचंच आहे.

ऑगस्टच्या विसाव्या तारखेच्या आसपास स्वयंपाकघराच्या भिंतीवर बारीक काळे-तपकिरी ठिपके चालताना दिसले. पोत्याचं तोंड सोडलं. वरचा गहू बरा दिसत होता. सुनेने कोपरापर्यंत हात आत घातला आणि चटकन बाहेर काढला. आतला गहू कोमट लागत होता. हाताला पिठूळ पूड लागली होती, तिला गोडसर कुबट वास होता. कडुलिंबाच्या पाल्याच्या जागी काळपट पानांना चिकटलेला, हिरवी-पांढरी बुरशी आलेला गव्हाचा एक गड्डा निघाला, सुमारे दीड किलोचा.

कारणं एकेक करून पाहिली तर चारही स्पष्ट होती. गहू वाळवलेला नव्हता. पोतं ओलसर भिंतीला लागून, थेट फरशीवर होतं. पावसाळ्यातल्या दमट हवेला गोणपाट अडवत नाही, धान्य ती ओल पिऊन घेतं. आणि पाला हिरवा होता. कडुलिंब धान्यात घालायचा तर सावलीत कुरकुरीत होईपर्यंत सुकवूनच घालावा लागतो. ओला पाला स्वतःचं पाणी सोडतो आणि बुरशी तिथूनच धरते.

धान्य कोमट का लागतं, याचंही कारण आहे. किडे आणि बुरशी दोन्ही श्वास घेतात, त्यातून उष्णता आणि पाणी बाहेर पडतं. ते पाणी शेजारच्या दाण्यांना आणखी ओलं करतं. हाताला ऊब लागली म्हणजे बिघाड काही आठवड्यांचा जुना आहे.

तिसऱ्या कोठीत वरच्या थरात पाच-सहा सोंडे, म्हणजे धान्य पोखरणारे सोंडवाले किडे दिसले. जुलैपासून वापरात असलेली दुसरी कोठी स्वच्छ होती. एकाच टेम्पोतून आलेला, एकाच शेतमालाचा गहू: दोन दिवस वाळलेला निर्मळ, एक दिवस वाळलेला किडीच्या उंबरठ्यावर, न वाळलेला खराब.

पहिला उपाय, आणि तो का फसला

सुनेने आणि सासूबाईंनी एक अख्खा दिवस घालवून पोतं चाळलं. किडे आणि पूड गेली, गहू पुन्हा त्याच पोत्यात भरला. वीस-बावीस दिवसांनी किडे पुन्हा तेवढेच.

हे असं होणारच होतं. सोंड्याची मादी दाण्याला बारीक भोक पाडून आत अंडं घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच खाते, आतच कोषात जाते, आणि महिनाभराने पूर्ण वाढलेला किडा बाहेर पडतो. चाळणीत सापडतात ते बाहेर आलेले. आतले चाळणीला दिसत नाहीत आणि डोळ्यांनाही नाही. नुसतं चाळून बंद केलेलं धान्य म्हणजे पुढच्या पिढीला दिलेली मोकळी जागा. चाळण्याआधी आतली अळी मारायला हवी. त्याला उष्णता हवी, थंडी हवी, किंवा हवा तोडायला हवी.

सप्टेंबरमधला निर्णय

दुसऱ्यांदा किडे दिसले तेव्हा ओळखीच्या एकाने सल्फॉसच्या गोळ्यांचं सुचवलं. नवरा आणायला निघालाही होता. सुनेने थांबवलं, आणि या सगळ्या प्रकरणातला सर्वात महत्त्वाचा निर्णय तोच ठरला.

या गोळ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन त्यातून फॉस्फिन वायू निघतो. तो गोदामात, ताडपत्रीखाली, प्रशिक्षित माणसांनी वापरायचा असतो. राहत्या घरात तो दाराच्या फटीतून शेजारच्या खोलीत जातो, झोपलेल्या माणसांना कळत नाही, आणि त्यावर उतारा नाही. पन्नास किलो गहू १,७५० रुपयांचा. त्यासाठी ही गोळी घरात आणायची नाही, एक गोळी नाही आणि अर्धीही नाही. पूर्वी धान्यात ईडीबी (इथिलीन डायब्रोमाइड) या कीडनाशकाची काचेची कुपी फोडून ठेवत, तिच्यावर आता बंदी आहे. पाऱ्याच्या गोळ्या आणि बोरिक पावडर अजूनही सर्रास वापरली जाते. पोटात जाणाऱ्या धान्यात ती घालण्याचं काही कारण नाही.

मग उरले दोन मार्ग. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर चार दिवस ठेवलं तर अंडी-अळ्यांसकट कीड मरते. पण घरातल्या फ्रीजरमध्ये एका वेळी चार किलो मावत होतं. उरलेल्या गव्हाला दीड महिना लागला असता. हा मार्ग त्यांनी मूग, मटकी आणि चवळीसाठी ठेवला. तिथे तो अगदी योग्य आहे, कारण अख्ख्या कडधान्यातला भुंगा बहुतेक वेळा शेतातूनच अंड्याच्या रूपात येतो. पिशवी बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडायची नाही, नाहीतर धान्यावर दव धरतं.

गव्हासाठी त्यांनी ऊन कोंडलं. सप्टेंबरच्या मध्याला तीन दिवस उघडीप मिळाली. गच्चीवर आधी जुन्या गोणपाटाचे दोन थर, म्हणजे स्लॅब उष्णता खेचून घेत नाही. त्यावर काळी ताडपत्री, तिच्यावर पेरापेक्षा पातळ थरात गहू, आणि वरून पारदर्शक प्लॅस्टिक. चारही कडा विटांनी दाबलेल्या. अकराला झाकलं. पाऊण तासात प्लॅस्टिकच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब जमले, एवढी ओल त्या गव्हात होती. सुनेने एक कड उचलून ते कापडाने पुसले आणि पुन्हा दाबून टाकलं. मुलीच्या प्रयोगवहीतला थर्मामीटर आत सरकवला होता. दीड वाजता तो ५५ अंशांच्या वर होता. या तापमानाला तासा-दोन तासांत दाण्यातली अळी जगत नाही. तीन वाजता प्लॅस्टिक काढलं, तासभर उघडं ऊन दिलं, रात्री थंड केलं, दुसऱ्या दिवशी हेच पुन्हा.

ही युक्ती खाण्याच्या धान्यासाठी आहे. पेरणीचं बी असं तापवू नये, उगवण बिघडते.

मग सुपात पाखडलं. पोखरलेला हलका दाणा पुढे पडतो, भरीव मागे राहतो. ५० किलोंपैकी ३५ किलो खाण्याजोगा निघाला. १२ किलो पोकळ पण बुरशी नसलेला गहू जवळच्या गोठ्यात दिला. पूड आणि बुरशीचा गड्डा मिळून ३ किलो फेकून दिलं. बुरशी आलेलं धान्य जनावरालाही घालायचं नसतं. तिसऱ्या कोठीचा गहू पुढच्या उघडिपीत असाच काढला. आणखी एक चांगलं केलं: दुसरी कोठी पुन्हा बंद करून आधी पोत्यातला आणि तिसऱ्या कोठीतला गहू संपवला. सवयीने माणूस चांगला माल आधी खातो आणि कमकुवत माल आणखी बिघडतो.

वर्षाचा हिशेब

खरेदीच्या दिवशी डायरीत लिहिलेली बचत ४,९१० रुपये होती: पिशवीतल्या मालाच्या भावाने २४,३३०, त्यातून धान्याचे १८,८२० आणि टेम्पोचे ६०० वजा. या आकड्यात दळण नव्हतं. गहू आणि ज्वारी मिळून २५० किलो, ६ रुपयांनी १,५००. कोठ्या पंधरा वर्षं टिकतील असं धरून वर्षाचे १८० रुपये. उरले ३,२३०. त्यातून काडीकचरा-खडे निघाले ४ किलो (१४०), खराब झालेला गहू १५ किलो (५२५), कार्डाचं व्याज ९९१. हातात राहिले १,५७४ रुपये.

जिनसांप्रमाणे पाहिलं तर चित्र आणखी स्पष्ट होतं. दळण धरून तांदळाने १,२६० दिले, गव्हाने १,०००, डाळीने ९००, ज्वारीने ८५०. गहू वजनाने सगळ्या धान्याच्या निम्म्याहून जास्त होता, गच्चीवरचे सगळ्यात जास्त दिवस त्याने खाल्ले, आणि कचरा व खराबी वजा करता त्याचे राहिले ३३५ रुपये. जिथे सगळ्यात जास्त घाम गाळला तिथेच सगळ्यात कमी मिळालं. दगडावर दळलेल्या ताज्या पिठाची पोळी घरात सगळ्यांना आवडते, हा लाभ खरा आहे, पण तो चवीच्या खात्यात मांडावा.

एक बचत कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. घरात धान्य असल्यामुळे मोबाइलवरच्या ऑर्डरी चौदावरून पाचवर आल्या. प्रत्येक ऑर्डरीमागे पोचवण्याचे आणि हाताळणीचे सरासरी २५ रुपये लागायचे. महिन्याचे २२५, वर्षाचे २,७००. डाळ मागवताना सोबत येणारी बिस्किटं आणि वेफर्स यात धरलेलीच नाहीत. नुसती महिन्याची यादी करून दोनदा दुकानात गेलं असतं तरी हे पैसे वाचले असते. त्याला कोठीची गरज नव्हती.

दुसऱ्या वर्षी काय बदललं

दुसऱ्या वर्षी खरेदीआधी पहिला प्रश्न जागेचा विचारला गेला. दीड सेंटिमीटर थराने गहू पसरला तर एका चौरस फुटात साधारण एक किलो वाळतो. ६ बाय ८ म्हणजे ४८ चौरस फूट, म्हणजे एका शनिवार-रविवारी एक पोतं. एप्रिल-मेमधले आठ शनिवार-रविवार लिहिले. लग्नाचे, परीक्षेचे आणि वळवासाठी राखून ठेवलेले खोडले. गव्हासाठी दोन उरले. म्हणून गहू १०० किलो. बाकीचा ९० किलो ऑक्टोबरपासून महिन्याला १५ किलो, भुसार दुकानातून.

ज्वारी २५ किलो साठवली, २५ किलो लागेल तशी घेतली. तांदूळ आणि डाळ पहिल्यासारखीच, पण खरेदी तीन हप्त्यांत: फेब्रुवारीत डाळ, मार्चमध्ये ज्वारी-तांदूळ, एप्रिलमध्ये गहू. शेजारच्या घराबरोबर टेम्पो वाटून घेतला, तो खर्च ३०० वर आला. भिशीचे पैसे जूनसाठी तसेच राहिले.

कोठ्या भरण्याआधी एक काम नव्याने केलं. रिकामी कोठी उलटी करून तळाच्या शिवणीवर ठोकली, तर जुन्या पिठाची चिमूटभर पूड आणि त्यात दोन जिवंत सोंडे पडले. नवा वाळलेला गहू त्यात ओतला असता तर कीड घरातूनच लागली असती. जुन्या दातघासणीने शिवण साफ केली, कोठी धुतली, दिवसभर उन्हात उघडी ठेवली. आता कोठ्या दोन विटांवर ठेवलेल्या फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब आहेत.

झाकणाचं महत्त्वही पटलं. आपल्याकडे पूर्वी धान्य पेवात, म्हणजे जमिनीखालच्या खोल खड्ड्यात साठवत. सांगलीजवळ हरिपूरला हळदीची पेवं प्रसिद्ध आहेत. तोंड लिंपून बंद केलेल्या पेवात धान्य आणि किडे मिळून हवेतला प्राणवायू संपवतात आणि मग किडेच जगत नाहीत. नव्याने उघडलेल्या पेवात माणूस लगेच उतरवत नसत, तो याच कारणाने. कोठी काठोकाठ भरून झाकण पट्टीने बंद करणं म्हणजे छोटं पेवच. ती दर दोन दिवसांनी उघडली तर अर्थ उरत नाही, म्हणून पंधरा दिवसांचा गहू एकदम काढून वेगळ्या डब्यात ठेवला जातो.

भाव पहिल्याच वर्षीचे धरून या वर्षाची धान्यातली बचत साधारण २,९०० रुपये झाली. धान्य कमी साठवलं आणि पैसे जास्त वाचले. खराबी शून्य.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या वर्षी वळीव आला त्या रविवारी गव्हाचं काय करायचं, हा प्रश्न होता. एकच दिवस वाळलेला गहू कोठीत बंद करण्याऐवजी तो आधी खायला काढायला हवा होता आणि नीट वाळलेली पहिली कोठी मागे ठेवायला हवी होती. महिना-दोन महिन्यांत संपणाऱ्या गव्हाला थोडी ओल चालते. तसंच चौथं पोतं मेच्या पहिल्याच आठवड्यात विकायला किंवा नातेवाइकांमध्ये वाटायला हवं होतं. वाळवणं जमणार नाही हे तेव्हाच दिसत होतं. पण विकत आणलेलं धान्य परत घराबाहेर काढायचं सासूबाईंच्या जिवावर आलं. ते समजण्यासारखं आहे. १५ किलो गहू मात्र त्यापायी गेला.

पंधरा दिवसांनी एकदा मधोमध हात घालून पाहायची सवय असती तर जुलैतच ऊब लागली असती. आता मुलगी दर दुसऱ्या रविवारी कोठीत कोपरापर्यंत हात घालते आणि कॅलेंडरवर त्या तारखेखाली एकच शब्द लिहिते. ऑगस्टच्या पानावर दोन्ही रविवारी "गार" लिहिलेलं आहे.